आधी पाणी, मग संडास, मग औषध: युद्धकाळात वस्तीच्या आरोग्याचं काम करणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी

७ मे २०२५ला देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातही भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. तेव्हापासून स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेली मुलंमुली भेटायला येतात. जखमीला कसं उचलायचं, आग कशी विझवायची, हे मन लावून विचारतात. संडास कुठे खणायचा, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. त्याच मे महिन्यात पूंछ, राजौरी, उरीकडची हजारो माणसं तोफांच्या माऱ्यामुळे घरदार सोडून बाहेर पडली आणि त्यांतली अनेक शाळा-कॉलेजांच्या इमारतींत येऊन राहिली. शाळेतले नळ आणि संडास दिवसाचे पाच-सहा तास येणाऱ्या मुलांच्या हिशेबाने बांधलेले असतात. तिथे सहाशे माणसं रात्रंदिवस राहू लागली की तिसऱ्या दिवशी काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

मी आरोग्य खात्यात आरोग्य सहाय्यक होतो. माझा स्वतःचा अनुभव पुराच्या आणि भूकंपाच्या छावण्यांचा. युद्धातल्या छावण्यांचं काम मी वरिष्ठांकडून आणि जुन्या अहवालांतून शिकलो. नळ, खड्डा, साबण आणि वही या गोष्टी दोन्हीकडे त्याच असतात. युद्धात त्यांच्या जोडीला अंधार, अफवा आणि उघड्यावर उभं राहण्याचा धोका येतो.

आपल्या देशातलं या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण १९७१चं. बांगलादेश मुक्तिसंग्रामात सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले आणि पाठोपाठ छावण्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, आली. आपल्याकडे गावोगावच्या वेशीवर मरीआईचं ठाणं आहे. पटकीची दहशत काय होती, ते त्यावरून कळतं. सीमेवरच्या बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा खोल्यांमध्ये जमिनीवर रुग्णच रुग्ण होते. एकेका रुग्णाला सलाइन लावायला डॉक्टरांना उलट्या-जुलाबांत गुडघे टेकून बसावं लागत होतं. सलाइनचा साठा संपत आला. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत द्रावण तयार केलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, ‘पाजत राहा.’ ३० टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूंचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. शिकलेले हात मूठभर होते. पाजण्याचं काम आयांनी, भावांनी, शेजाऱ्यांनी केलं. तुम्हाला करायचं आहे ते काम याच जातीचं आहे. फक्त ती पुडी लागण्याच्या आधीची, म्हणजे पाण्याची आणि संडासाची बाजू तुमच्याकडे आहे.

पोचल्यावरचे पहिले दोन तास

औषधांची पेटी उघडू नका. आधी फिरा. एकटे फिरू नका, तिथल्याच एखाद्या बाईला आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या. तीन प्रश्न विचारा: पाणी कुठून आणता? रात्री कुठे जाता? कालपासून कुणाला जुलाब लागलेत का? दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर बाई बाईलाच देते, म्हणून जोडीला एक मुलगी हवीच.

कागदावर हाताने नकाशा काढा. नळ, विहीर, स्वयंपाकाची जागा, संडास, कचरा, गुरं, सगळं त्यावर दाखवा. उतार कळत नसेल तर तांब्याभर पाणी जमिनीवर ओता आणि ते कुठे धावतं ते पाहा. संडास त्या दिशेला, पाणी उलट दिशेला. इतकी साधी गोष्ट, पण घाईत खणलेला संडास विहिरीच्या वरच्या अंगाला आलेला मी पाहिला आहे.

तहसील कार्यालय, नागरी संरक्षणाचे वॉर्डन, आणि लष्कर असेल तर त्यांचा माणूस, या तिघांना आपण कोण आणि काय करतो ते सांगून ठेवा. तोफांचा मारा झालेल्या भागात परवानगीशिवाय कुदळ मारू नका. न फुटलेले गोळे मातीत असतात. काही दिसलं तर हात लावायचा नाही, दुरून खूण करायची, माणसं मागे घ्यायची आणि कळवायचं. पाण्याच्या टाक्या, पंपघर, छावणीची जागा यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका, कौतुकाने सुद्धा नाही.

पाणी

पहिला दिवस सगळा पाण्याला द्या.

आणीबाणीतल्या मदतीसाठी जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानकं आहेत. त्यांतले चार आकडे पाठ करा: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, नळ ५०० मीटरच्या आत, आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नको. अर्ध्या तासाचा नियम सोयीसाठी आहे असं वाटेल, पण त्याचं कारण वेगळं आहे. रांग लांबली की माणसं जवळच्या ओढ्यावर जातात. जुलै १९९४मध्ये रवांडातून पळालेले लाखो लोक शेजारच्या झैरेत (आताच्या काँगोत) गोमाजवळ किवू सरोवराच्या काठी गोळा झाले आणि सरोवराचंच पाणी प्याले. पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसं मेली, बहुतेक पटकीने आणि हगवणीने. तिथली जमीन ज्वालामुखीच्या टणक दगडाची होती, त्यामुळे संडासही खणता येईनात.

युद्धात रांग हाच एक धोका असतो. बोस्नियाच्या युद्धात, जुलै १९९३मध्ये, साराएव्होच्या डोब्रिन्या भागात पाण्यासाठी उभ्या असलेल्या लोकांवर तोफगोळा पडला. म्हणून एकच मोठी रांग लावू नका. वस्तीचे गट पाडा, प्रत्येक गटाला वेळ द्या आणि जमेल तितके नळ भिंतीच्या आडोशाला काढून घ्या.

वीज गेली की पंप बंद पडतो, एवढंच आपल्याला दिसतं. जमिनीखाली आणखी एक गोष्ट घडते. जलवाहिनीतला दाब जातो आणि जिथे वाहिनीला चीर असते तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे पुरवठा परत सुरू झाला की पहिलं पाणी सोडून द्या, मग क्लोरीन तपासा आणि मगच भरू द्या. तहानेने रांगेत उभ्या असलेल्या माणसांसमोर पाणी वाहू देणं जिवावर येतं. तरी द्या, आणि का सोडतोय ते मोठ्याने सांगा.

आता टीसीएल. ब्लीचिंग पावडरला आपल्या ग्रामपंचायतींत सगळे टीसीएलच म्हणतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. १००० लिटर स्वच्छ पाण्याला ५ ग्रॅम हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. १० हजार लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम. टँकर भरतानाच द्रावण टाका, म्हणजे वाटेत पाणी ढवळलं जातं आणि वेळही मिळतो. गोल विहिरीसाठी व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. हे मीटरमध्ये केलं की घनमीटर येतात, त्याला १००० ने गुणलं की लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे १४० ग्रॅम टीसीएल.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरचं निवळ तेवढंच पाण्यात सोडा. चुना पाण्यापासून लांब खड्ड्यात टाका. तासाभराने पाणी प्यायला द्या. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर सगळा क्लोरीन गाळच खाऊन टाकतो.

मग ओ.टी. टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते पाहायची तपासणी. नळीत पाणी घ्या, किटवर सांगितले तितके थेंब टाका, पिवळा रंग येतो तो लगेच, दहा सेकंदांच्या आत, शेजारच्या पट्टीशी जुळवा. घरातल्या हंड्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन राहायला हवा, आणि तेवढा राहावा म्हणून नळावर ०.५च्या पुढे ठेवा. ते रसायन हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी जमिनीवर ओतून टाका. टेस्ट टाकीपाशी करून भागत नाही, झोपडीतल्या हंड्यापाशी करा. पाणी टाकीत शुद्ध असतं आणि हंड्यात हात बुडाला की बिघडतं. ओगराळं किंवा तोटीचा डबा द्या, ‘हात बुडवू नका’ हे नुसतं सांगण्यापेक्षा ते बरं.

एक प्रसंग सांगतो. पुराच्या वेळी एका गावात मी दोन दिवस बरोबर मोजून टीसीएल टाकत होतो. वजन अचूक, हिशेब अचूक. तिसऱ्या दिवशी जुलाबाचे रुग्ण वाढले. टेस्ट केली तर नळीतलं पाणी पांढरं स्वच्छ, पिवळ्याचा मागमूस नाही. कोठीत जाऊन पाहिलं. पोतं खिडकीशी उघडं पडलेलं, पावडरीचे ओलसर गठ्ठे झालेले, आणि शेजारची लोखंडी मांडणी लालभडक गंजलेली. सगळा क्लोरीन त्या मांडणीने आणि हवेने घेतला होता, आणि मी लोकांना चुना पाजत होतो. पहिल्याच दिवशी एक टेस्ट केली असती तर त्या दोन दिवसांत आजारी पडलेली पोरं कदाचित वाचली असती त्या त्रासातून. तेव्हापासून मी पावडरीवर कधीच विश्वास ठेवला नाही, रंगावर ठेवला. कोठीतलं लोखंड गंजलेलं दिसलं की पोतं संशयित समजा. साठा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा.

टाकी नाही, विहीर नाही, लोक ओढ्यातून किंवा फुटक्या नळातून कॅन भरत आहेत, अशी वेळ आली तर पाणवठ्यावर माणूस उभा करा. १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजं टीसीएल टाकलं की साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. २० लिटरच्या कॅनला त्याचं ४ मिलिलिटर, सुई नसलेल्या सिरिंजने. अर्ध्या तासाने पाणी प्यायला चालतं. आधी चार बादल्यांत वेगवेगळी मात्रा टाकून अर्ध्या तासाने टेस्ट करा आणि जिच्यात ०.५च्या आसपास येईल ती धरा. सिरिंज घेऊन दिवसभर पाणवठ्यावर उभं राहणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते छावणीतलं सगळ्यात महत्त्वाचंही. तुमच्यातला सगळ्यात चिकाटीचा माणूस तिथे ठेवा.

पाण्याला किती टीसीएल लागेल ते ठरवायची हॉरॉक्सची पेटी जुन्या आरोग्य निरीक्षकांना आठवत असेल. ज्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांचं नाव तिला आहे त्यांचं हे काम पहिल्या महायुद्धातलं. सहा पांढरे पेले, प्रत्येकात वाढती मात्रा, आणि निळा रंग ज्या पेल्यात पहिल्यांदा उमटेल तितके २ ग्रॅमचे चमचे टीसीएल ४५५ लिटरला, म्हणजे १०० गॅलनला. कुठल्या कोठीत पेटी सापडली तर टाकून देऊ नका.

संडास

पहिल्या दिवसांत ५० माणसांमागे एक, आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक. सहाशेंच्या छावणीला आधी १२, मग ३०. त्यांत बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. हे प्रमाण ऐकून पुरुष कुरकुर करतात. त्यांना सांगा की बाईबरोबर मूल जातं, तिला वेळ लागतो आणि तिला आडोसाच लागतो. राहण्याच्या जागेपासून ५० मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर रात्री कोणी जात नाही. विहीर-बोअरपासून किमान ३० मीटर लांब. खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर हवा.

पक्के संडास होईपर्यंत चर खणा. ३० सेंटिमीटर रुंद, ९० ते १५० सेंटिमीटर खोल, आणि १०० माणसांसाठी ३ ते साडेतीन मीटर लांब. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा, मध्ये तरटाचा आडोसा. खणलेली माती काठावरच ठेवा आणि तिच्यात एक डबा खोचून ठेवा. गेल्यावर डबाभर माती टाकायची. डबा नसेल तर कोणी टाकत नाही, हा माझा अनुभव आहे, म्हणून डब्यांची संख्या रोज मोजा. चर जमिनीपासून ३० सेंटिमीटर उरेपर्यंत भरला की मातीने बुजवा, दाबा, खूण करा. साधारण आठवडाभर चालतो, म्हणून दुसरा चर चौथ्याच दिवशी खणायला घ्या.

जमीन खडकाळ असेल किंवा तुम्ही शहरातल्या इमारतीत असाल आणि नळाला पाणी नसेल, तर दोन बादल्या: एक लघवीची, एक शौचाची. शौचाच्या बादलीला आत जाड पिशवी, प्रत्येक वेळी राख, चुना किंवा भुसा, वर घट्ट झाकण. पाणी नसताना फ्लशच्या संडासात जात राहिलं की दोन दिवसांत सगळी इमारत निरुपयोगी होते. तो आधीच कुलूप लावून बंद करणं हे कठोर वाटतं, पण करा.

लहान मुलाच्या शीबद्दल लोकांचा समज असतो की ती निरुपद्रवी. ती मोठ्यांच्या इतकीच धोक्याची असते. आयांना झाकणाचं भांडं आणि खुरपं द्या.

दिवेबंदीत संडासाच्या वाटेवर दिवा लावता येत नाही. दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले दगड मांडा, कमरेच्या उंचीवर दोरी बांधा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये फूटपाथच्या कडा अशाच पांढऱ्या रंगवल्या होत्या. आतून कडी हवीच. कडी नसेल तर बायका संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात, आणि चार दिवसांनी लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. तिथे गोळी देऊन उपयोग नाही, कडी बसवा. मासिक पाळीसाठी पॅड किंवा सुती कापड, धुवायला आडोसा, वाळवायला दोरी आणि टाकायला झाकणाची बादली, हे बायकांना विचारून ठरवा. पुरुष स्वयंसेवकांनी ठरवलेली जागा बहुतेक वेळा चुकते.

आणि साफ कोण करणार? इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. छावणी लागली की दोन दिवसांत ठरावीक जातीच्या माणसांना शोधून झाडू त्यांच्या हातात दिला जातो. ती माणसंही बेघर झालेली असतात, त्यांचंही कुणी गेलेलं असतं. हे होऊ देऊ नका. सफाईच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावा आणि पहिल्या दिवशी पहिलं नाव तुमचं लिहा. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेतलं, त्यासाठी उपास केला, आणि पुढे कणकवलीला मैल्याचं खत करणारा गोपुरी संडास उभा केला. आपल्याकडे हा वारसा आहे. पाळीवाल्याला गमबूट, हातमोजे, साबण आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. सेप्टिक टाकीत कुणालाही उतरवायचं नाही, संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. युद्ध चालू आहे म्हणून तो कायदा थांबत नाही.

हात, अन्न, कचरा

संडासाच्या तोंडाशी पाणी आणि साबण. साबण चोरीला जातो, तर जाळीच्या पिशवीत घालून बांधा. माणशी महिन्याला अंगाचा २५० ग्रॅम आणि कपड्यांचा २०० ग्रॅम साबण लागतो, मागणी लिहिताना हाच आकडा लिहा. नळाखालचं पाणी साचू देऊ नका. शोषखड्डा करा: मीटरभर खोल, खाली मोठे दगड, वर लहान.

सार्वजनिक स्वयंपाकात गरम वाढायचं, उरलेलं ठेवायचं नाही, जुलाब झालेल्या माणसाने तिथे काम करायचं नाही. पाहुण्याला, अधिकाऱ्याला वेगळा नियम नाही. मार्च १९१७मध्ये बगदाद जिंकणारे ब्रिटिश सेनापती मॉड त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथेच पटकीने गेले. एका समारंभात कच्चं दूध घेतल्याने लागण झाली असं मानलं जातं. त्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत आपल्या मराठा पलटणीही होत्या.

कचऱ्यासाठी दहा कुटुंबांमागे १०० लिटरचं झाकणाचं पिंप, आणि रोज उचल. पाणी अनियमित झालं की घरोघरी पिंपं भरून ठेवली जातात आणि डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. आपल्याकडचा आठवड्याचा कोरडा दिवस छावणीतही पाळा: सगळी पिंपं रिकामी, घासलेली, उलटी. भूमिगत निवाऱ्यांत गर्दी जास्त आणि हवा कमी, तिथे खरूज आणि उवा येतात. अंथरुणं रोज उन्हात टाका.

जुलाब लागले तर

ओआरएसची पुडी १ लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर घात होतो, म्हणून आधी चव घ्या, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको. लहान मुलाला चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. अंगावरचं दूध चालूच ठेवा. जुलाब झालेल्या मुलाला १४ दिवस झिंक मिळतंय ना ते आशाताईंना किंवा परिचारिकेला (एएनएम) विचारा.

तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, सुस्ती, पिता न येणं, शौचात रक्त, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. वाटेत पाजत पाजत दवाखान्यात न्या आणि पटकीचा संशय त्याच तासाला वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. १० लिटर पाण्यात १५ ग्रॅम टीसीएल हात धुवायला, ६० ग्रॅम जमीन आणि खाट पुसायला, ६०० ग्रॅम उलटी-जुलाबाच्या बादलीत टाकायला. तीन बादल्यांवर मोठ्या अक्षरात लिहा, रंग वेगळे ठेवा. संडास धुवायच्या अॅसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

वही

एक शंभर पानी वही घ्या आणि रोज रात्री पाच आकडे लिहा: छावणीत माणसं किती, नवे जुलाब किती, ताप-पुरळ किती, मृत्यू किती, ओ.टी. टेस्ट किती ठिकाणी पिवळी आली. पाच वर्षांखालच्यांचं वेगळं लिहा. दहा हजारांमागे दिवसाला एकाहून जास्त मृत्यू म्हणजे आणीबाणी समजतात. पाच हजारांच्या छावणीत आठवड्यात पाच मृत्यू झाले तर हिशेब १.४ येतो, म्हणजे रेषा ओलांडली. एकेक मृत्यू वेगळा पाहिला की ते लक्षात येत नाही.

नोंदीची किंमत मुंबईला माहीत असायला हवी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, १० जून १९१८ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. लष्करी जहाजं तिथेच लागत. पुढे ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तुमच्या वहीतही सात जण एकाच कोपऱ्यातले दिसले की त्या रात्रीच फोन करा, ‘उद्या पाहू’ म्हणू नका.

गर्दीत गोवर फार झपाट्याने पसरतो. म्हणून मुलं मोजताना लसीचं कार्ड विचारा आणि ६ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची यादी आरोग्य केंद्राला द्या. पोलिओ संपला असं धरून चालू नका. गाझात जुलै २०२४मध्ये सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला आलेला लुळेपणा पोलिओचाच असल्याचं नक्की झालं. २५ वर्षांत तिथला तो पहिला रुग्ण. सप्टेंबरात लढाईला काही तासांचे विराम देऊन लाखो मुलांना डोस पाजले गेले. घरोघर फिरून यादी करणारी माणसं तिथेही लागलीच.

मृतदेह

हल्ल्यात मेलेल्या माणसांच्या देहांमुळे साथ येते, ही समजूत पक्की आहे आणि चुकीची आहे. घाईने एकत्र दहन किंवा दफन करू नका, करू देऊ नका. फोटो, कपडे, दागिने, जागा यांची नोंद पोलिसांसमक्ष करा. घरच्यांना शोधत येणारा माणूस वर्षभराने सुद्धा येतो. पटकीने गेलेल्याचा देह मात्र वेगळा: टीसीएलच्या २ टक्क्यांच्या (१० लिटरला ६०० ग्रॅमच्या) द्रावणाने पुसून लवकर अंत्यसंस्कार, अंघोळ घालणाऱ्यांना हातमोजे, आणि त्याच घरात सामुदायिक जेवण नको. हे सांगायला त्या समाजातल्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा, आणि आधी बसा, मग बोला.

पाळी बदलताना

दहा-बारा दिवसांनी तुमच्या जागी दुसरा येईल. त्याच्याबरोबर एक सकाळ पूर्ण फिरा. त्याच्या हाताने एक टेस्ट करून घ्या, त्याच्याकडून एक द्रावण बनवून घ्या. मग त्याला द्या: हाताने काढलेला नकाशा, वही, टीसीएलच्या पिंपाची किल्ली, मोजायचा चमचा, ओ.टी.ची बाटली आणि तिच्यावरची मुदतीची तारीख, बुजवलेल्या चरांच्या खुणा, आणि त्या दोघांची नावं जी पहिल्या दिवशी तुमच्याबरोबर फिरली होती.